बीपीची गोळी रुपयाची, मग जगात पाचातल्या चौघांचं बीपी हाताबाहेर का?

सप्टेंबर २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा हाय बीपीवरचा अहवाल आला. जगात साधारण १४० कोटी लोकांना हाय बीपी आहे आणि त्यातल्या जेमतेम ३२ कोटींचं कंट्रोलमध्ये आहे, म्हणजे पाचातल्या एकाचं, फार तर किंचित जास्त. बहुतेकांनी हे वाचून पुढे स्क्रोल केलं असणार, कारण बीपी ही काय बातमी आहे का, घरटी एकाला तरी असतंच. पण जरा विचार करा, इथे औषध शोधायचं बाकी आहे असं नाहीये. गोळ्या कित्येक दशकं बाजारात आहेत, बहुतेकांची पेटंट संपलीत, जनऔषधी दुकानात अमलोडिपीनची एक गोळी रुपयाच्या आसपास पडते. मोजायचं मशीन पण शंभर वर्षांपेक्षा जुनं. तरी दरवर्षी एक कोटीहून जास्त मृत्यूंच्या मागे हे बीपी असतं. मग अडतंय कुठे? गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरकीपेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त सापडतं, ते कसं ते बघू.

वरचं आणि खालचं म्हणजे काय

हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं तेव्हा धमन्यांच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं तेव्हा जो दाब उरतो तो खालचा. हे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात कारण १८९६मध्ये रिव्हा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून मोजायची जी पद्धत आणली त्यात पाऱ्याचीच नळी होती. स्टेथोस्कोपने ठोके ऐकून दोन्ही आकडे काढायची युक्ती १९०५ची, रशियातल्या कोरोटकोव्हची. आजही दवाखान्यात फुस्स फुस्स करून पट्टा फुगवतात आणि कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप लावतात ती हीच पद्धत, फक्त पारा हळूहळू हद्दपार होतोय.

वरचा १४० किंवा खालचा ९०, यातलं एक जरी ओलांडलं आणि तेही वेगवेगळ्या दिवशी मोजून पुन्हा तसंच आलं, तर त्याला हाय बीपी म्हणायचं. एकदाच जास्त आलं म्हणून लगेच शिक्का बसत नाही.

हा दाब वर्षानुवर्षं राहिला की धमन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतून खरवडल्या जातात. मग मेंदूतली एखादी रक्तवाहिनी फुटते नाहीतर बुजते, आपण म्हणतो लकवा मारला, डॉक्टर म्हणतात स्ट्रोक. हृदयाचं काम वाढून ते थकतं. किडनीतल्या बारीक चाळण्या निकामी होतात आणि माणूस डायलिसिसला लागतो. चाळीस ते सत्तर या वयात वरचा आकडा दर २०ने वाढला की स्ट्रोकने किंवा हार्ट अटॅकने मरायची शक्यता साधारण दुप्पट होते, आणि हे १४०च्या खूप आधी, ११५च्या आसपासपासूनच सुरू होतं. उलटी बाजूही आहे, वरचा आकडा १०ने खाली आणला तर स्ट्रोक साधारण पाव हिश्शाने कमी होतात.

आणि हे सगळं चालू असताना माणसाला कळत काहीच नाही. डोकं दुखलं, चक्कर आली, राग आला की 'माझं बीपी वाढलं वाटतं' असं आपण म्हणतो खरं, पण बहुतेक हाय बीपीवाल्यांचं डोकं बिलकुल दुखत नसतं. १७०/१०० घेऊन लोक शेतात राबतात, लग्नात नाचतात.

औषध नसताना काय व्हायचं त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट. मार्च १९४४मध्ये तपासलं तेव्हा बीपी १८६/१०८ होतं. देशातले मोठमोठे डॉक्टर हाताशी, पण सांगणार काय, मीठ कमी करा, सिगारेट कमी करा, आराम करा. १२ एप्रिल १९४५ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी वरचा आकडा ३००वर होता. नीट पोटात घेता येईल अशी गोळी आली १९५८च्या सुमारास आणि गोळ्यांनी जीव वाचतात हे नीट चाचणी करून सिद्ध झालं १९६७मध्ये, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत. आज आपल्या उपकेंद्रात जे औषध फुकट मिळतं ते तेव्हा जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला मिळू शकलं नाही.

पहिला घोळ मोजण्यातच

कुठल्याही गर्दीच्या ओपीडीत उभं राहून बघा. माणूस एसटीतून उतरून, जिना चढून, रांगेत तासभर उभा राहून आत येतो. स्टुलावर बसतो, पाठीला टेकू नाही, पाय लोंबकळत. शर्टाची बाही वर सरकवून तिचा घट्ट गोळा दंडावर, त्याच्या खाली पट्टा. हात मांडीवर. आणि पट्टा फुगत असतानाच प्रश्न, 'काय होतंय, गोळ्या घेता का, मुलगा कुठे असतो?' आणि तो उत्तरं देतोय. मग केसपेपरवर लिहिलं जातं १५०/९०.

यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलते. २०२४मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी नुसता हात कुठे ठेवला याचाच फरक मोजला, तर हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवण्याऐवजी मांडीवर ठेवला की वरचा आकडा साधारण ४ने जास्त, आणि बाजूला लोंबकळत ठेवला की ६ ते ७ने जास्त. जाड दंडाच्या माणसाला नेहमीच्या मापाचा पट्टा लावला तर विचारूच नका, २०पर्यंत फरक पडू शकतो. लघवी तुंबली असेल, नुकताच चहा किंवा तंबाखू झाली असेल, तरी वाढतं.

उलटंही होतं. काहींचं दवाखान्यात नॉर्मल आणि घरी किंवा कामावर चढलेलं, ते तर हाती लागतच नाहीत. शिवाय शून्याची सवय, म्हणजे १३८ असो की १४४, लिहिताना १४० नाहीतर १३०. चार आकड्यांचा फरक तो काय असं वाटेल, पण औषध सुरू करायचं की नाही हे त्याच रेषेवर ठरतं.

म्हणून पाच मिनिटं शांत बसवणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, तोंड बंद, दोनदा मोजणं, हे एवढंच केलं तरी निदान कितीतरी सुधारतं. घरी मशीन घ्यायचं असेल तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको, आणि तपासून प्रमाणित झालेलं मॉडेल आहे का ते बघा कारण ऑनलाइन मिळणारी बरीचशी मशिन्स तशी नसतात. घरचं मोजमाप थोडं कमी येतं, म्हणून घरी १३५/८५ हीच वरची मर्यादा धरतात.

शंभरातले एकवीस

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालात एक हिशेब होता, २०१९ची स्थिती, वय ३० ते ७९. हाय बीपी असलेले शंभर लोक घ्या. त्यातल्या ५४ जणांनाच निदान झालेलं. औषध चालू ४२ जणांचं. कंट्रोलमध्ये २१.

आता यात नीट बघा. ४६ जणांना माहीतच नाही, हा पहिला खड्डा आणि तो सगळ्यांना दिसतो, म्हणून शिबिरं होतात, चौकात टेबल टाकून फुकट बीपी तपासणी होते, फोटो निघतात. पण औषध चालू असलेल्या ४२पैकी निम्म्यांचं बीपी औषध घेऊनही कंट्रोलमध्ये नाही! यांना दवाखाना माहीत आहे, गोळी माहीत आहे, तरी. हा दुसरा खड्डा शिबिरांनी बुजत नाही आणि त्याचे फोटोही निघत नाहीत. माझं स्पष्ट मत विचाराल तर पुढच्या फॉलोअपची सोय नसलेलं तपासणी शिबिर म्हणजे लोकांना टेन्शन देऊन घरी पाठवणं.

औषध घेऊनही का नाही? कारणं अगदी साधी आहेत. एक गोळी लागू पडली नाही तर डोस वाढवायचा किंवा दुसरी जोडायची असते, पण डॉक्टर म्हणतात 'थोडंसंच जास्त आहे, पुढच्या वेळी बघू', आणि ती पुढची वेळ वर्षानुवर्षं पुढेच जाते. बहुतेकांना दोन औषधं लागतात हे आता पक्कं माहीत आहे, तरी. सरकारी दवाखान्यात गोळ्या संपलेल्या असतात, किंवा आठ-दहा दिवसांच्याच देतात, मग दर वेळी दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार. अमलोडिपीनने काहींचे पाय सुजतात, एनालाप्रिल-रॅमिप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, पेशंट कुणाला न सांगता गोळी बंद करतो, खरं तर सांगितलं असतं तर बदलून मिळाली असती. आणि गरीब देशांत तर औषधच नाही, २०२५च्या अहवालाप्रमाणे बीपीची सगळी शिफारस केलेली औषधं सहसा उपलब्ध असतात असं सांगणारे कमी उत्पन्नाचे देश फक्त २८ टक्के, श्रीमंत देशांत हेच ९३ टक्के.

भिशीची वही

आपल्याकडे बायकांची भिशी चालते बघा. ती चालवणाऱ्या काकूंकडे एक वही असते आणि या महिन्यात कुणाचे पैसे आले नाहीत हे त्यांना पाच तारखेला माहीत असतं, सहा तारखेला त्यांचा फोन गेलेला असतो. जगात जिथे जिथे बीपी कंट्रोलचा आकडा खरोखर वर गेला तिथे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी अशी वही आणि अशी काकू सापडते.

अमेरिकेत नॉर्दर्न कॅलिफोर्नियामधली कैसर पर्मनंटे ही दवाखाने आणि विमा दोन्ही एकत्र चालवणारी संस्था. २००१मध्ये तिच्या बीपी पेशंटपैकी साधारण ४४ टक्क्यांचं कंट्रोलमध्ये होतं, २००९मध्ये ८० टक्क्यांचं. नवीन औषध काही शोधलं नव्हतं. सगळ्या बीपी पेशंटची एक यादी केली, सगळ्या डॉक्टरांसाठी उपचाराच्या एकसारख्या पायऱ्या ठरवल्या, दोन औषधं एकाच गोळीत दिली, आणि औषध बदलल्यावर दोन-चार आठवड्यांनी नुसतं बीपी मोजायला यायचं असेल तर डॉक्टरची अपॉइंटमेंट नको, फी नको, सहायक मोजेल असं केलं.

चीनमध्ये ३२६ खेड्यांत, साधारण ३४ हजार लोकांवर प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत गावच्या डॉक्टरने, जो एमबीबीएसच्या तोडीचा नसतो, त्याने ठरलेल्या पायऱ्यांप्रमाणे औषध द्यायचं आणि वाढवायचं, वर मोठ्या डॉक्टरांची देखरेख. दीड वर्षाने त्या खेड्यांत ५७ टक्के लोकांचं बीपी १३०/८०च्या खाली, बाकीच्या खेड्यांत २० टक्के. आणि पुढे हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून एक तृतीयांशाने कमी.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग मात्र लॉस एंजेलिसमधला, २०१८ला छापून आलेला. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांना बीपी फार, दवाखान्यावर विश्वास कमी, पण न्हाव्याकडे दर दोन-चार आठवड्यांनी जातातच आणि वर्षानुवर्षं एकाच न्हाव्याकडे. म्हणून ५२ सलूनमध्ये ३१९ गिऱ्हाइकं निवडली. एका गटाला न्हाव्याने नुसतं सांगायचं की बाबा डॉक्टरकडे जा, मीठ कमी कर. दुसऱ्या गटासाठी फार्मासिस्टच सलूनमध्ये यायचा, खुर्चीपाशी बीपी मोजायचा, डॉक्टरांशी ठरलेल्या करारानुसार तिथेच औषध लिहायचा. सहा महिन्यांत पहिल्या गटात वरचा आकडा ९ने उतरला, दुसऱ्यात २७ने. सल्ला दोघांनाही मिळाला होता, फरक पडला तो औषध माणसाच्या वाटेवर आणून ठेवल्याचा.

आपल्याकडेही हे चालू आहे, फार कुणाला माहीत नसतं एवढंच. भारतात साधारण ३१ कोटी लोकांना हाय बीपी असावं असा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३च्या मोठ्या पाहणीचा अंदाज. २०१७च्या शेवटी आयसीएमआर, केंद्र आणि राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' सुरू केला, पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि आपले सुरुवातीचे जिल्हे भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग. राज्याला एकच ठरलेला उपचार, उदाहरणार्थ आधी अमलोडिपीन, महिनाभराने उतरलं नाही तर टेल्मिसार्टन जोड, मग डोस वाढव, मग तिसरं. मोजकीच औषधं असल्याने किती मागवायची याचा हिशेब जमतो आणि साठा संपत नाही. गोळ्या एकदम ३० दिवसांच्या. नोंद 'सिंपल' नावाच्या अ‍ॅपवर किंवा कार्डावर, आणि न आलेल्याला नर्सचा फोन, नाहीतर आशाताई घरी.

यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट म्हणजे मोजायची पद्धत. गेल्या तीन महिन्यांत जो पेशंट आलाच नाही, तो हिशेबातून वगळत नाहीत, 'भेट चुकली' म्हणून त्याचा वेगळा रकाना असतो आणि तो सगळ्यांसमोर येतो. नाहीतर जे येतात त्यांचंच मोजून कुठलाही दवाखाना ९० टक्के कंट्रोल दाखवेल. २०२२पर्यंत १३०हून जास्त जिल्हे आणि ३४ लाखांवर पेशंट यात आले होते, औषध घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं कंट्रोलमध्ये होतं, आणि त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचं पारितोषिक मिळालं. निम्मं म्हणजे फार ग्रेट नाही, जगातही औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचंच होतं, पण इथे न आलेलेही हिशेबात धरलेले आहेत. मोठ्या हॉस्पिटलपेक्षा घराजवळच्या छोट्या केंद्रांत आकडा चांगला दिसला, जे साहजिकच आहे, महिन्याच्या गोळ्या आणायला कुणी जिल्ह्याच्या ठिकाणी किती दिवस जाईल.

'एकदा गोळी सुरू केली की आयुष्यभर, सवय लागते'

आयुष्यभर, हो, बहुतेकांना. सवय, नाही. सवय म्हणजे हळूहळू जास्त लागणं आणि बंद केल्यावर तलफ येणं, तसं इथे काही होत नाही. गोळी बंद केल्यावर बीपी परत चढतं कारण ते मुळातच चढलेलं होतं, गोळीने धरून ठेवलं होतं. 'आता नॉर्मल आलंय, मग कशाला घ्यायची' याचंही उत्तर हेच. खूप वजन उतरवलं, मीठ-दारू कमी केली तर डोस घटू शकतो, क्वचित सुटूही शकते, पण ते डॉक्टरने मोजून ठरवायचं, आपण मनाने नाही.

'मर्यादा खाली आणतात तो कंपन्यांचा धंदा'

हा संशय अगदीच हवेतला नाही. अमेरिकेने २०१७मध्ये हाय बीपीची रेषा १३०/८०वर आणली आणि एका रात्रीत कोट्यवधी लोक पेशंट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या सूचनांत बहुतेकांसाठी औषधाची रेषा १४०/९०च ठेवली, हृदयरोग असलेल्यांना वरचा आकडा १३० झाला तरी सुरू करा म्हटलं. तज्ज्ञांमध्ये हा वाद चालू राहील. पण आपल्याकडे १६० आणि १८०वाले लाखो लोक गोळीशिवाय फिरतायत, तिथे १३२ला औषध द्यावं का हा वाद मला तरी आधी पोटभर जेवलेल्यांचा वाटतो. आणि कंपन्यांना या जुन्या, पेटंट संपलेल्या गोळ्यांत फार मलिदा नसतो, उलट म्हणूनच त्यांची कुणी जाहिरात करत नाही.

'मी सैंधव खातो', 'मी योगा करतो'

योगा करा, चाला, वजन उतरवा, फायदा होतो. पण १६०/१००वर नुसत्या प्राणायामावर सहा महिने काढू नका.

सैंधवाचं सांगायचं तर तेही जवळजवळ पूर्ण सोडियम क्लोराइडच. जग सरासरी दिवसाला १० ग्रॅमहून जास्त मीठ खातं, सांगितलंय ५च्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा, फरसाण, खारी, पाव सगळं आलं. आपल्या घरात ताटात वाढलेलं मीठ उचललं तरी बरंच काम बाकी राहतं. चीनमध्ये ६०० खेड्यांत साधारण २१ हजार लोकांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं तर स्ट्रोक १४ टक्क्यांनी घटले, २०२१ची गोष्ट, चवीत फार फरकही नाही. पण किडनीचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टनसारखी पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नका, रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मग प्रायव्हेटचं काय?

हा खरा अडलेला भाग आहे. वर सांगितलेलं सगळं सरकारी दवाखान्यांचं, आणि आपले कितीतरी बीपीवाले गल्लीतल्या डॉक्टरकडे नाहीतर थेट मेडिकलवर जातात. तिथे बहुतेक ठिकाणी वही नसते. पेशंटची फाइल पेशंटच्याच प्लास्टिकच्या पिशवीत, तो आला तर डॉक्टरला त्याची आठवण, नाही आला तर तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, गावी गेला की गोळ्याच सोडल्या, कळायला मार्ग नाही. मेडिकलवाला जुनं पाकीट बघून तेच देतो, वर्षानुवर्षं तोच डोस, मधे कुणी बीपी मोजलेलं नसतं. डॉक्टरला फोन करून पेशंट परत बोलवायला संकोच वाटतो, लोकांना वाटेल गिऱ्हाईक ओढतोय, आणि तसं वाटणारे असतातही. याला सलूनसारखा काहीतरी तोडगा लागेल, मेडिकलमध्ये बीपी मोजून त्या डॉक्टरला कळवणं हा त्यातला सगळ्यात सोपा, कारण गोळ्या घ्यायला माणूस तिथे दर महिन्याला येतोच. तोपर्यंत तुमचे डॉक्टर प्रायव्हेट असतील तर मोबाइलमध्ये तारीख आणि आकडा तुम्हीच लिहून ठेवा, आणि सलग दोन भेटींत १४०च्या वर आलं तर तेच पाकीट पुन्हा घ्यायच्या आधी सरळ विचारा, डॉक्टर, डोस वाढवायचा का दुसरी जोडायची?